डबी आणि चार चपटी लिंबं

“चार दिवस झाले, फोन लावून लावून माझं बोट झिजलं! पण व्यंकट फोन उचलंल तर शपथ! उचललाच तर म्हणतो, ‘आक्का, बाजारात हाय’, ‘आक्का, आवाज कटायला’. माझ्याशी बोलतानाच बरा याचा आवाज कटतो!”

कावेरीबाईंनी फोन ओट्यावर असा आपटला की शेजारची चकलीची परात उडाली. लातूरजवळच्या मुरुडच्या त्या घरात दिवाळीच्या पाडव्याची सकाळ अशी सुरू झाली.

पायरीवर तीन जण नवे कपडे घालून कधीचे तयार होते. बारा वर्षांची राजकन्या, तिचा धाकटा भाऊ माउली आणि शेजारची बुद्धप्रिया. बुद्धप्रियाच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

“आजी, आज तरी गाडी मिळेल ना?” माउलीनं विचारलं.

“न मिळून कुठं जाती? आज न्हाई मिळाली तर व्यंकटचं काही खरं न्हाई!”

व्यंकटराव म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. राहायला लातूरला, म्हणून गाडीचा शोरूममधला सगळा व्यवहार आजीनं त्याच्यावर सोपवलेला. नात्यानं मुलांचा आजोबा लागायचा, पण केसांना कलप लावत असल्यामुळे त्याला आजोबा म्हटलेलं चालायचं नाही. म्हणून तो सगळ्यांचाच व्यंकटमामा. त्याची आई वारली तेव्हा तो रांगत होता. त्याला कडेवर घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून पहिलीतल्या कावेरीची शाळा सुटली ती सुटलीच.

तेवढ्यात फोन वाजला. “आक्का, आली बघ गाडी! आताच शोरूमला आलीया. या लवकर!”

आजीचा राग तिथंच विरघळला. “बघा, भाऊ हाय माझा. उगं बोलले त्याला. चला रे!”

या गाडीनं अख्ख्या मुरुडला महिनाभर हसवलं होतं. विजेवर चालणारी, दोनच दारांची, एवढीशी गाडी! पुढं नाक नाही, मागं शेपूट नाही. बाजूनं पाहिलं तर लोखंडी कपाटाला चाकं लावल्यासारखी. पारावरची माणसं म्हणायची, “कावेरीबाई, गाडी घेताय का बिस्किटाचा डबा?”

“मुद्दाम घेतेय,” आजी म्हणायची. “या घरात ट्रॅक्टर आला, तो ह्यांनी चालवला. मोटारसायकल आली, ती पोरानं, सुदामनं पळवली. जीप आली, तर मला मागं पोत्यावर बसवलं. आता अशी गाडी घेते की लांब टांगांची माणसं तिच्यात बसायचीच न्हाईत. माझ्या मापाची गाडी. पहिल्यांदा चाक फिरंल ते माझ्या हातानं!”

त्यासाठी तिनं काय नाही केलं! बासष्टाव्या वर्षी राजकन्येपुढं वही घेऊन बसली. रस्त्यावरच्या पाट्या पाठ केल्या, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात बसवला. लायसनच्या परीक्षेत एकच उत्तर चुकलं, तर दोन दिवस जेवली नाही धड. गाडीचं नावही मुलांनी आधीच ठेवलं होतं. डबी!

लातूरच्या शोरूममध्ये डबी लाल कापडाखाली उभी होती. शेजारी व्यंकटमामा, ताडासारखा उंच, पुढं पोट, हातात किल्ली. आणि त्याच्यामागं लपल्यासारखा शिवम. शिवम मामाचा मुलगा, तेरा वर्षांचा, नात्यानं राजकन्येचा काका. एरवी भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, “काका म्हण मला!” आज मात्र त्यानं तोंडच उघडलं नाही.

टायवाल्या सेल्समननं कापड ओढलं. पोपटी डबी लखलखली!

“अगं बाई!” आजी एवढंच म्हणाली. चपला बाहेर काढून ती आत चढली, आणि तिचे पाय हवेतच लोंबकळले.

“पाय पोचंनात की!”

“सीट मागं सरकलंय, मावशी,” सेल्समन घाईनं म्हणाला. “कंपनीकडूनच तसं येतं.”

राजकन्येनं सीटकडं पाहिलं. ते पार शेवटच्या खाचेपर्यंत मागं होतं. मग तिनं व्यंकटमामाच्या लांबलचक पायांकडं पाहिलं. तिला उगाच काहीतरी खटकलं.

“ताई,” माउलीनं तिचा हात ओढला. माउलीला मीटर वाचायचं वेड. रिक्षात बसला तरी आधी मीटर बघायचा. “दोनशे चौऱ्याण्णव किलोमीटर! नव्या गाडीला?”

“कंपनीतून चालत आलीया ना, बाळा,” सेल्समन हसला.

“नव्या गाड्या ट्रकवर चढून येतात,” बुद्धप्रिया ताडकन म्हणाली. “चालत नाहीत येत!”

सेल्समनचं हसू टायच्या गाठीसारखं आवळलं. व्यंकटमामा मध्येच ओरडला, “ए पोरांनो, मोठ्यांमध्ये बोलू नका! आक्का, पेढा घे!”

आजीनं पिशवीतून पूजेचं ताट काढलं. नारळ, फुलं आणि चाकांखाली ठेवायला चार लिंबं. “व्यंकट, ही वीज खाते कुठनं? तिच्या तोंडाला कुंकू लावते. गाईच्या लावतो तसं.”

माउली पुढं धावला. गाडीच्या पुढच्या बाजूला चार्जिंगचं झाकण होतं. त्यानं ते बोटानं उचललं, आणि व्यंकटमामाचा हात त्याच्यावर धपकन पडला. झाकण बंद!

“इथं न्हाई, इथं न्हाई! पूजा घरी करू. उज्वला ताट करून वाट बघायली. आणि आक्का, तू मागं बस. पाडव्याची गर्दी हाय, तुला झेपायचं न्हाई. मी चालवतो.”

आजीनं पूजेचं ताट पुन्हा पिशवीत ठेवलं.

“मी चालवणार होते,” आजी हळू म्हणाली.

“चालव की! खुशाल चालव! महिनाभर डबी लातुरातच राहू दे. मुरुडला लाईट कुठं टिकतीया? चार्जिंगची जिम्मेदारी कोण घेणार? मी जरा हिला वळण लावतो, मग तू मुरुडच्या माळावर फिरव आरामात.”

चार माणसांत भावाला तोंडावर नाही म्हणायचं, हे आजीला जमलं नाही. ती उतरली. पुढचं सीट वाकवून, पदर सावरत, मागं जाऊन बसली. राजकन्येनं तिला आजवर कुणाचं असं निमूट ऐकताना पाहिलं नव्हतं. डबी आज लातुरात राहिली, तर ती आजीची कधीच होणार नाही! मामाचा महिना कधी संपत नसतो.

चारही मुलं रिक्षानं मागून निघाली.

“झाकणाच्या आत काय होतं माहितीय?” माउली कुजबुजला. “कुंकू! आणि अक्षतांचे दोन दाणे. ओले नव्हते, वाळलेले!”

“म्हणजे पूजा आधीच झालीय?” बुद्धप्रियाचे डोळे मोठे झाले.

राजकन्या शिवमकडं वळली. “शिवम, गाडी आज आली ना?”

“हाव,” शिवम रिक्षाबाहेर बघत म्हणाला.

“माझ्याकडं बघून सांग.”

“उन्हानं डोळे दुखायलेत माझे.”

“सावलीत बसलायस तू!”

शिवमनं मान आणखी बाहेर काढली. रिक्षावाला ओरडला, “ए पोरा, मुंडकं आत घे! एसटी नेईल उचलून!”

घरी पोचल्यावर उज्वलामामी ताट घेऊन दारात आली. मोठी माणसं आत चहाला गेली. मुलं मात्र फाटकाशी रेंगाळली. माउली खाली बघत चालत होता. तो एकदम उकिडवा बसला.

“ताई, हे बघ! लिंबू!”

फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत एक लिंबू पडलं होतं. पडलं कसलं, चिकटलं होतं! पापडासारखं चपटं, वाळून तपकिरी झालेलं, आणि त्याच्यावर टायरची नक्षी.

“इथं अजून एक! आणि मागं दोन!” बुद्धप्रिया ओरडली.

“त्यात काय? कुणाच्याही गाडीची पूजा असेल,” राजकन्या म्हणाली. खरं तर तिला तसंच असायला हवं होतं. “गल्लीत काय कमी गाड्या आहेत?”

“मोजू की मग!” बुद्धप्रियानं तिची ओढणी खेचून घेतली. एका लिंबापासून शेजारच्या लिंबापर्यंत ताणली आणि गाठ मारली. “एवढ्या जवळ चाकं असणारी मोटार पप्पांच्या गॅरेजात आजवर आली नाही.” मग ती डबीपुढं गेली. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत ओढणी धरली.

गाठ बरोबर चाकावर आली. मागच्या लिंबांपासून पुढच्या लिंबांपर्यंतचं अंतर मोजलं, तर तेही तंतोतंत!

कुणीच आरोळी ठोकली नाही. शोध लागला की आनंद व्हायला हवा ना? राजकन्येला रडू यायला लागलं.

मागं पावलं वाजली. पाण्याचा तांब्या घेऊन शिवम उभा होता. त्यानं लिंबं पाहिली, ओढणी पाहिली आणि तांब्या खाली ठेवला.

“धनत्रयोदशीला,” तो म्हणाला. “त्याच दिवशी आली गाडी. पप्पा घेऊन आले. मग आम्ही नांदेडला गेलो, मम्मीच्या माहेरी. तिथं चार्ज केली, दुसऱ्या दिवशी परत. मग शोरूमवाल्याकडून धुऊन घेतली आणि पुन्हा कापड टाकलं. पप्पांनी मला शपथ घातली होती.”

“मी रोज तुला फोन केला!” राजकन्येचा आवाज फाटला. “रोज विचारलं, ‘आली का रे?’ तू रोज ‘नाही’ म्हणालास. आजीचं सोड, मला तरी सांगायचंस! काका म्हणून घेतोस ना?”

“माझे पप्पा आहेत ते.”

“आणि माझी आजी आहे ती!”

राजकन्येनं नाक पुसलं. “तुझ्या पप्पांविरुद्ध तू बोलू नकोस. पण आजीनं विचारलं तर आता खोटं बोलू नको. एवढंच कर.”

मग तिघांनी डोकी एकत्र केली.

“मामा कबूल करणार नाही,” माउली म्हणाला. “म्हणेल, पोरांचा खेळ आहे.”

“त्यांच्या तोंडूनच काढायचं,” बुद्धप्रिया म्हणाली. “त्यांना काय सहन होत नाही?”

राजकन्येला पटकन आठवलं. “त्यांच्या वस्तूला नाव ठेवलेलं! मागच्या वर्षी त्यांच्या कुलरला बाबा हसले, तर दोन महिने बोलत नव्हते!”

“झालं तर मग! माउली, लिंबांवर सतरंजी टाक.”

थोड्या वेळानं सगळे पूजेसाठी फाटकापुढच्या अंगणात आले. आजी खुर्चीवर बसली होती. व्यंकटमामा बोटात किल्ली फिरवत होता. बुद्धप्रियानं डबीला एक चक्कर मारली, टायरवर टिचकी मारली आणि गॅरेजवाल्यासारखं तोंड वाकडं केलं.

“दिसायला गोड आहे, पण दम नाही हिच्यात!”

“काय म्हणालीस?” मामानं किल्ली थांबवली.

“पप्पा म्हणतात, असल्या खेळण्यातल्या गाड्या गल्लीतल्या गल्लीत बऱ्या. अहमदपूरपर्यंतसुद्धा जायची नाही. रस्त्यातच फुस्स!”

“आणि चढ आला तर?” राजकन्येनं तेल ओतलं. “मामा, उतरून ढकलावी लागेल ना?”

“तुमचं पोट अडकलं तर ढकलणार कोण?” माउलीनंही हात धुऊन घेतला.

“ए, गप बसा!” मामा लाल झाला. “अहमदपूरचं काय घेऊन बसलात? अहमदपूर, लोहा एका दमात पार करून नांदेड गाठलंय हिनं! तिघं बसलो होतो, वर दोन पिशव्या फराळ! कुठं फुस्स नाही न् काही न्हा...”

त्यानं चटकन तोंडावर हात ठेवला.

अंगणात फक्त किल्लीचा आवाज आला. ती त्याच्या बोटातून खाली पडली होती.

“नांदेडला कधी गेली डबी?” आजीनं विचारलं. अगदी हळू.

“अगं, म्हणजे... कंपनीवाले म्हणतात तसं. जाती म्हणे.”

माउलीनं सतरंजी उचलली. राजकन्येनं ओढणी आधी लिंबांवर धरली, मग चाकांवर. आजीला समजावून सांगावं लागलं नाही. लिंबू कशासाठी चिरडतात ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

“पूजा कुणी केली, उज्वला?”

उज्वलामामी ताट घेऊन एक पाऊल मागं सरली. “वन्सं, मी यांना म्हणलं होतं, उगं असं करू नका. ऐकलं न्हाई. मग बिनपूजेची नवी गाडी रस्त्यावर कशी काढू द्यायची? काही बरं-वाईट झालं असतं तर? म्हणून मीच...”

बघा म्हणजे! बहिणीची गाडी चोरून न्यायची, पण लिंबू-कुंकू लावल्याशिवाय नाही! देवाला सांगितलं, बहिणीला नाही.

“तिथं लोकांना काय सांगितलंस, व्यंकट? गाडी कुणाची म्हणून?”

व्यंकटमामानं मान खाली घातली.

“शिवम, तू सांग, बाळा.”

शिवमनं बापाकडं पाहिलं. मग राजकन्येकडं. “आत्या... पप्पा म्हणाले, गाडी आमचीच. नावावर फक्त आक्काच्या. आणि म्हणाले...” तो अडखळला. “ती अंगठेबहाद्दर बाई, तिला काय चालवायला येणार!”

आजी ओरडेल, ताट फेकेल, असं सगळ्यांना वाटलं. तिनं फक्त आपला उजवा अंगठा पुढं धरला आणि त्याच्याकडं पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं राजकन्येला वाटलं.

शिवम वाकला. त्यानं जमिनीवरची किल्ली उचलली, शर्टाला पुसली आणि आत्याच्या हातात ठेवली.

“वन्सं, पूजा?” मामीनं घाबरत विचारलं.

“पहिली पूजा एकदाच असती. ती झाली.” आजी उठली. तिनं पिशवीतली चार ताजी लिंबं माउलीच्या हातात दिली. “हे घे, सरबत कर घरी गेल्यावर. राजकन्ये, पुढं बस माझ्या शेजारी. व्यंकट, तू मागं.”

“मी? आक्का, मी कशाला...”

“मला न्हाई ना येत चालवायला? मग रस्ता दाखवायला चल. बस!”

व्यंकटमामा वाकला, आडवा झाला, अर्धा आत गेला, अडकला, आणि शेवटी बुद्धप्रियानं मागून ढकलल्यावर आत पडला. गुडघे हनुवटीला टेकले. शेजारी माउली ऐसपैस बसला. आजीनं आपलं सीट पुढं ओढलं. खट्, खट्, खट्! पार पहिल्या खाचेपर्यंत. आता पाय पोचले. आरसा तिनं आपल्या मापाचा केला. शिवम आणि बुद्धप्रिया एसटीनं येणार होते.

डबीला एक गचका बसला.

“आक्का, ब्रेक!” मागून किंकाळी आली.

“तू गुमान बस!”

दुसरा गचका लहान होता. तिसरा आलाच नाही. डबी गल्लीतून मुंगीसारखी निघाली, मोठ्या रस्त्याला लागली. टेंपोवाला हॉर्न मारत शेजारून गेला आणि खिडकीतून डोकं काढून बघतच राहिला. आजीचे हात स्टेअरिंगवर घट्ट होते. प्रत्येक पाटी ती मोठ्यानं वाचत होती, अक्षर न् अक्षर मागच्या सीटपर्यंत जाईल अशी.

“पुढे वळण आहे! वेग कमी करा! व्यंकट, वाचलं का रे मी बरोबर?”

“हाव, आक्का.”

“पुढे शाळा आहे!” त्यानंतरच्या दोन पाट्या आजीनं वाचल्याच नाहीत. राजकन्येनं हळूच पाहिलं. आजीचे डोळे भरले होते, पण रस्त्यावरून हलले नव्हते. मागं व्यंकटमामानं तोंड हातांत लपवलं होतं.

मुरुडच्या अलीकडं एसटी डबीला मागं टाकून गेली. खिडकीतून शिवमनं हात केला. राजकन्येनं हात केला नाही. पण मान फिरवली, असंही नाही.

मुरुडच्या चौकात निम्मं गाव जमलं होतं. बुद्धप्रियानं बसमधून उतरल्या उतरल्या सगळी हकिगत सांगून टाकली होती! बिस्किटाचा डबा म्हणणारे आता बाजूला सरून वाट करून देत होते. राजकन्येचे बाबा, सुदाम, खाकी कपड्यांतच धावत आले. वीस वर्षं एसटी चालवणारा माणूस, पण आईला स्टेअरिंगवर बघून त्यांनी दोनदा डोळे चोळले.

“माय, तू आणलीस? लातुरातनं? तू?”

“मग काय उडत आली?”

बाबांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. “लिंबावरून चोरी पकडलीत! आम्ही चार मोठी माणसं असतो, तर पेढे खाऊन परत आलो असतो. शाबास रे पोरांनो!”

“आणि ह्याला बी शाबास म्हण,” आजीनं खिडकीतून शिवमकडं बोट दाखवलं. “बापापुढं खरं बोलायला छाती लागती.”

राजकन्या खाली उतरली. आता पुढचं सीट वाकवलं की मागच्यांना बाहेर पडता येणार होतं. दोनच दारांची गाडी ती. पण आजीनं सीटवर हात ठेवला.

“थांब, राजकन्ये. माउलीला सीटवरनं ओढून काढ. ह्याच्याशी मला बोलायचंय.”

माउली सीटवरून वानरासारखा बाहेर आला. व्यंकटमामा आत एकटा राहिला, गुडघ्यांत हनुवटी घालून.

आजीनं मागं वळून भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

“व्यंकट, नीट ऐक. गाडी मागितली असतीस तर मी दिली असती. पहिला दिवस दिला असता, पहिली पूजा दिली असती. मागितली असतीस तर! तुला माझी गाडी पाहिजे होती, पण मला विचारायची लाज वाटली, आणि माझ्याशी खोटं बोलायची वाटली न्हाई. अंगठेबहाद्दर म्हणलास. हाय मी. ज्या हातात पाटी-पेन्सिल असायची, त्या हातानं तुला भात भरवला, म्हणून हाय. त्याचा पस्तावा मला कधी झाला न्हाई. आज झाला. उद्या भाऊबीज हाय. ये. एसटीनं ये. ताट करीन, ओवाळीन, पोटभर जेवू घालीन, कारण भाऊ हायेस तू माझा आणि ते काही मला पुसता यायचं न्हाई. पण आजपासनं या घरातली कसलीच किल्ली तुझ्या हातात पडायची न्हाई. गाडीची न्हाई, कोठीची न्हाई, साध्या कडीकुलपाची बी न्हाई. झालं माझं बोलून.”

तिनं सीट पुढं वाकवलं.

“आता उतर माझ्या गाडीतनं.”